प्रतोद आणि शब्द

भारतीय संसदेची अमेरिकी काँग्रेसशी तुलना करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. वक्तृत्व स्पर्धेतला विद्यार्थी असो की अग्रलेखाचा लेखक, सुरुवात होते ती शिष्टाचारापासून. तिकडे म्हणे सदस्य एकेक करून बोलतात, तज्ज्ञांना समितीपुढे बोलावतात, आकडे मांडतात. आणि इकडे हौद्यात उतरलेला जमाव, फडकणारे फलक, कागदांचे कपटे आणि मग तहकुबी. त्यानंतर भारतीय माणसाच्या स्वभावावर दोन परिच्छेद येतात आणि शेवटी शिस्तीचे आवाहन. ही तुलना आम्हांला नुसती उथळ वाटत नाही, घातक वाटते. ज्या रोगावर ती शिस्तीची मात्रा सुचवते, तो रोग शिस्तीच्याच अतिरेकातून आलेला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

शिष्टाचाराचा मुद्दा आधी निकालात काढू. २२ मे १८५६ रोजी चार्ल्स समनर हा सिनेटर सिनेटच्या दालनात आपल्या मेजाशी लिहीत बसला असता प्रतिनिधिगृहाचा सदस्य प्रेस्टन ब्रुक्स याने त्याला हातातल्या काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. कारण काय, तर समनरने दोन दिवसांपूर्वी गुलामगिरीविरुद्ध केलेले भाषण. समनरला पुन्हा नियमितपणे कामकाजात भाग घेण्यास सुमारे तीन वर्षे लागली. ६ जानेवारी २०२१ ला त्याच इमारतीत काय घडले, ते तर सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. तेव्हा सभ्यता हा अमेरिकी विधिमंडळाचा जन्मजात गुण आणि गोंधळ हा आपला, ही समजूत सोडून द्यावी हे बरे. दोन्ही सभागृहांतला खरा फरक आवाजाच्या पातळीत नाही. सदस्याच्या शब्दाचे आणि त्याच्या मताचे नाते काय, या ठिकाणी तो आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एका शब्दापाशी क्षणभर थांबावे. इंग्रजीत ज्याला 'व्हिप' म्हणतात त्याला विधिमंडळाच्या मराठीत 'प्रतोद' म्हणतात. इंग्रजी शब्द शिकारीतून आला. कळपाबाहेर भटकणाऱ्या शिकारी कुत्र्यांना चाबकाने आत हाकणारा तो मनुष्य. आपल्या भाषांतरकाराने त्यासाठी संस्कृतातला सारथ्याच्या हातातला चाबूक निवडला. शब्द भारदस्त आहे, त्यामुळे 'मुख्य प्रतोदपदी अमुक यांची निवड' अशी बातमी वाचताना त्यातला चाबूक कोणाला दिसत नाही आणि चाबूक आहे तर घोडे कोण, हेही कोणी विचारत नाही.

अमेरिकेतही व्हिप आहेत. दोन्ही पक्षांचे, दोन्ही सभागृहांत. ते मते मोजतात, मनधरणी करतात, समितीतली जागा देण्या-काढण्याचे आमिष आणि धाक दोन्ही दाखवतात. परंतु तिथला चाबूक पक्षाचा आहे. आपल्याकडचा राज्यघटनेचा आहे.

तो घटनेत कसा आला ते सर्वांना ठाऊक असले तरी थोडक्यात सांगतो. १९६७ च्या निवडणुकांनंतर राज्याराज्यांत पक्षांतराचा ऊत आला. हरयाणातील गया लाल या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि भाषेला 'आयाराम गयाराम' ही जोडी मिळाली. (मराठीने ती इतकी आपलीशी केली की ती मूळची हरयाणवी आहे हे सांगावे लागते.) तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली, तिने १९६९ मध्ये अहवाल दिला. पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाल्याची नोंद त्या अहवालात आहे. रोग कोणता हे या आकड्यात स्पष्ट आहे: खुर्चीसाठी पक्ष सोडणे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आणि तिने दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधल्या. एक, स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे. दुसरी, पक्षादेशाविरुद्ध मत देणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे. पहिली गोष्ट मतदाराशी केलेली प्रतारणा असू शकते. दुसरी कित्येकदा मतदाराशी राखलेले इमान असते. कायद्याला दोन्ही सारख्याच. सरकार पाडण्याचे मत आणि मासेमारीविषयक एखाद्या विधेयकातील कलमावरचे मत यांतही तो भेद करत नाही. आदेश निघाला की निघाला.

याचा अर्थ काय होतो तो २०१७ या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी ठेवून पाहावा. २८ जुलैच्या पहाटे अमेरिकी सिनेटमध्ये ओबामांच्या काळातील आरोग्य विमा कायद्याचा गाभा काढून टाकणारे विधेयक मतास आले. ते रिपब्लिकन पक्षाचे, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांना हवे असलेले विधेयक होते. मेंदूच्या कर्करोगाचे निदान होऊन काही दिवसच झालेले जॉन मॅकेन हे रिपब्लिकन सिनेटर पुढे आले, त्यांनी अंगठा खाली केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्यांच्याच पक्षाच्या सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की यांनीही विरोधी मत दिले होते. राष्ट्राध्यक्ष संतापले, पक्षाचे देणगीदार संतापले असतील. पण दुसऱ्या दिवशी मॅकेन सिनेटर होते आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिनेटरच राहिले.

त्याच २०१७ मध्ये बिहारात संयुक्त जनता दलाने महाआघाडी सोडून भारतीय जनता पक्षाशी पुन्हा सोयरीक केली. या पक्षाचे अनेक वर्षे अध्यक्ष राहिलेले शरद यादव यांना तो निर्णय मान्य नव्हता. निवडणूक आपण ज्यांच्याविरुद्ध लढवली त्यांच्याकडे जाणे हा मतदारांचा विश्वासघात आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते पाटण्यातल्या विरोधकांच्या सभेला गेले. सभागृहात पक्षाविरुद्ध मत देण्याचा प्रसंगही आला नव्हता. डिसेंबरमध्ये राज्यसभेच्या सभापतींनी त्यांना आणि अली अन्वर यांना अपात्र ठरवले. त्यांच्या वर्तनावरून त्यांनी स्वेच्छेने पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. आघाडी बदलली पक्षाने, आणि पक्षांतर ठरले ते न बदललेल्याचे! शरद यादव यांचे राजकारण कोणाला आवडो न आवडो, या निकालातली भाषा नीट वाचावी. 'स्वेच्छेने' या शब्दाचा असा अर्थ कोणत्याही कोशात नाही.

आता साहित्याच्या परिभाषेत प्रश्न विचारू. समोरच्या माणसाचे मत बदलण्याची शक्यताच नसेल, तर भाषणाचा श्रोता कोण? वाद आणि संवाद या दोन्हींसाठी एक अट असते: ऐकणारा पटवून घेण्यास मोकळा हवा. आपल्या लोकसभेत विधेयकावर बोलायला उभा राहणारा सदस्य ज्यांच्याकडे पाहून बोलतो त्या साऱ्यांची मते आदल्या रात्री पक्षादेशाने बांधलेली असतात. त्याचे भाषण स्वगत असते, किंवा फार तर कॅमेऱ्यापुढचा एकपात्री प्रयोग. चिमटा, शेर, टोला, बाकांवरून टाळ्या आणि सायंकाळी त्याची चित्रफीत. चांगले बोलणारे अजूनही आहेत. पण उत्तम भाषणाने विधेयकाचा स्वल्पविरामही हलत नाही, हे त्यांना आणि ऐकणाऱ्यांना ठाऊक असते. अशा सभागृहात विरोधकाच्या हाती उरतो तो केवळ गोंधळ. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेले; तेव्हा अडवणूक करणारे बाक आज सत्तेत आहेत आणि तेव्हा शिस्तीचे प्रवचन देणारे आज हौद्यात आहेत.

सत्ताधाऱ्यांच्या बाजूनेही मग चर्चा ही केवळ वेळेची नासाडी ठरते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयके मतविभागणीची मागणी होत असता आवाजी मतदानाने संमत झाली. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात आणि चर्चेविना संमत झाले. देशातल्या कोट्यवधी कुटुंबांच्या जगण्याविषयीचा कायदा आला तेव्हा सभागृहाचे मत मोजले गेले नाही आणि गेला तेव्हा ते ऐकले गेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात दीडशे वर्षांहून जुन्या भारतीय दंड संहितेची जागा घेणारा कायदा संमत झाला. ज्यांना शिस्त हवी आहे त्यांना रिकाम्या बाकांहून शिस्तबद्ध काय मिळणार?

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षीय पद्धत आहे. मॅकेनच्या मताने विधेयक पडले, सरकार पडले नाही. संसदीय पद्धतीत सरकार सभागृहाच्या विश्वासावर उभे असते, तेथे सदस्याला मोकळे सोडले तर रोज सरकार पडेल. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा. उत्तरार्धासाठी ज्या देशाकडून आपण ही पद्धत घेतली त्याच्याकडे पाहावे. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये थेरेसा मे यांचा युरोपीय संघाशी झालेला करार त्यांच्याच पक्षाच्या ११८ सदस्यांनी विरुद्ध मत दिल्याने पडला, आणि दुसऱ्याच दिवशी विश्वासाच्या ठरावावर तेच सदस्य सरकारच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे धोरणाला नकार आणि सरकारला पाठिंबा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. आपल्याकडेही हे कोणाला सुचले नाही असे नाही. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने हेच सांगितले होते, की पक्षादेशाविरुद्धच्या मतासाठी अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरती ठेवावी. शिफारस कपाटात गेली.

उलट ज्यासाठी हा कायदा केला ते साधले काय? २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची सवलत काढली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. एकट्याने विवेकाने वेगळे मत दिले तर अपात्र. घोळक्याने गेलात तर पात्र. जून २०२२ नंतर महाराष्ट्राने जे पाहिले ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नव्हे, राजकीय पक्षाचा असे स्पष्ट केले. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी निकाल दिला आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीही अपात्र ठरले नाही. खरा प्रतोद कोणता, एवढ्या एका प्रश्नावर एका राज्याचे राजकारण दीड वर्ष लोंबकळले. चाबूक कोणाच्या हातात, याचाच वाद. घोड्यांचे मत कोणी विचारले नाही.

आमच्या रक्तातच वेगळे मत नाही, असे मानणाऱ्यांनी फिरोज गांधींना आठवावे. डिसेंबर १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचे प्रकरण लोकसभेत त्यांनी उघड केले. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले. दहावी अनुसूची प्रश्न विचारायला मनाई करत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याचे मत गहाण आहे त्याच्या प्रश्नालाही धार राहत नाही, आणि सत्ताधारी बाकावरून असा प्रश्न शेवटचा कधी ऐकला ते प्रत्येकाने आठवून पाहावे. अमेरिकेतले याचे भावंड म्हणजे १९७१ चे माइक ग्रॅव्हेल. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे छापण्यास वृत्तपत्रांना मनाई झाली असताना या सिनेटरने आपल्या उपसमितीची बैठक रात्री बोलावली आणि ती कागदपत्रे रडू कोसळेपर्यंत वाचून कामकाजात दाखल केली. विधिमंडळातील भाषणाला घटनेने दिलेले संरक्षण ही त्याची ढाल होती.

एवढे वाचून आम्ही अमेरिकेची आरती ओवाळत आहोत असे कोणास वाटेल. तसे नाही. सिनेटची रचना लोकशाहीच्या दृष्टीने लाजिरवाणी आहे. वायोमिंगची लोकसंख्या २०२० च्या गणनेनुसार पावणेसहा लाखांच्या आसपास, कॅलिफोर्नियाची सुमारे पावणेचार कोटींहून अधिक, जवळजवळ चार कोटी. दोघांनाही दोनच सिनेटर. १७८७ च्या तडजोडीत हे ठरले आणि घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने असे बांधून ठेवले की राज्याच्या संमतीवाचून त्याचा समान वाटा काढता येत नाही. त्यावर फिलिबस्टर. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटे बोलले. त्यात राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. ते भाषण नव्हते, शब्दांचा बांध होता. १९७० च्या दशकापासून तर बोलण्याचेही कष्ट उरले नाहीत. अडवण्याचा इरादा कळवला की चर्चा थांबवण्यासाठी ६० मते लागतात, आणि बहुसंख्य विधेयके तेथेच मरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिथले केंद्र शासन निधीअभावी बंद राहिले, तेही याच अंकगणितातून.

तरीही त्याच सभागृहाचा १० जून १९६४ हा दिवस पाहा. नागरी हक्क विधेयकावरचा महिनोन्महिने चाललेला फिलिबस्टर ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडला. बाजूने ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन, विरुद्ध २३ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. दोन्ही पक्ष उभे चिरले गेले होते. मतांचे मोकळेपण थर्मंडलाही होते, हे खरे. आणि मोकळ्या मताला तिथे गिऱ्हाईकही मिळते, बड्या देणगीदारांच्या रूपाने, हेही खरे. पण वर्णभेदाविरुद्धचा तो कायदा पक्षादेशाने झाला नसता. तो माणसे पटवून, एकेक मत जिंकून झाला.

आपल्या राज्यसभेचा पिंड वेगळा. तिच्यात राज्ये समान नाहीत: उत्तर प्रदेशचे ३१, महाराष्ट्राचे १९, गोव्याचा १. आम्हांला ही रचना सिनेटपेक्षा न्याय्य वाटते. पण राज्यसभा राज्यांची तरी उरली आहे काय? सिनेटर पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडत. लाचखोरी आणि रखडलेल्या निवडणुका यांना कंटाळून अमेरिकेने १९१३ मध्ये ती पद्धत टाकली आणि थेट जनतेकडे गेली. आपण आमदारांकरवी निवडणुकीची पद्धत घेतली आणि २००३ मध्ये तिच्यात दोन बदल केले. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली. आणि मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकण्याची खुली पद्धत आणली. कुलदीप नय्यर यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल वैध ठरवले. म्हणजे राज्यसभेत कोणी जावे हे पक्ष ठरवणार, आमदाराने मत दिले की नाही हे पक्ष डोळ्यांनी पाहणार, आणि गेलेल्याने काय मत द्यावे हेही पक्षच सांगणार. २०१६ मध्ये आधार विधेयक 'धनविधेयक' ठरवून राज्यसभेला वळसा घातला गेला. तिने सुचवलेल्या पाचही दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. सिनेटला पैशाच्या विधेयकातही दुरुस्तीचा अधिकार आहे. वळसा घालण्याजोगे सभागृह आधी आतून पोखरलेले असते.

एकच जागा अशी आहे जिथे प्रतोद पोहोचत नाही: संसदेच्या स्थायी समित्या. १९९३ पासूनच्या या समित्यांत पक्षादेश चालत नाही, आणि म्हणूनच तेथे निरनिराळ्या पक्षांची माणसे एकत्र बसून एखादे कलम खरोखर वाचतात. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. जिथे शब्द जिवंत आहे तिथेच विधेयक जाऊ द्यायचे नाही, असा हा हिशेब.

आणि आपले साहित्यक्षेत्र? अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपल्याकडे परिसंवाद होतात, ठराव होतात, संमेलनाध्यक्षांची भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. परंतु अनुच्छेद १०५ संसदेत भाषणस्वातंत्र्य देतो आणि तिथल्या भाषणाबद्दल वा मताबद्दल न्यायालयात जाब विचारता येत नाही असे सांगतो, याची आठवण कितीजण ठेवतात? न्यायालयाने विचारायचा नाही तो जाब पक्ष कार्यालय विचारते. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहावी अनुसूची या स्वातंत्र्याला बाधक नाही असा निर्णय दिला. कायदा म्हणून तो मानावाच लागतो. पटवून घेण्याची सक्ती अजून नाही.

साहित्यिकांचा या प्रश्नाशी संबंध केवळ नैतिक नाही, तो घटनात्मक आहे. राज्यसभेतल्या १२ नामनियुक्त जागा साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा यांसाठी आहेत. मामा वरेरकर त्यांतूनच १९५६ मध्ये गेले आणि १९६४ मध्ये निधन होईपर्यंत सदस्य होते. नामनियुक्त सदस्य पहिल्या सहा महिन्यांत पक्षात गेला नाही तर त्याच्यावर पक्षादेश चालत नाही. २४५ च्या सभागृहात मूठभर अपक्ष सोडले तर घटनेने मोकळे ठेवलेले मत याच मंडळींकडे आहे. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले. त्यांना कोणाची परवानगी लागली नव्हती, आणि ते ओझे पुढे सरकारी समितीचा विषय झाले. पुढच्या काळात या जागांवर गेलेल्यांपैकी किती जणांनी आपले हे मोकळेपण वापरले, हे राज्यसभेच्या कार्यवृत्तांतून शोधून काढण्याजोगे आहे. प्रबंधाला विषय नाही म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी तिकडे वळावे.

गोस्वामी समितीची शिफारस प्रत्यक्षात आणू पाहणारे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये लोकसभेत मांडले, नंतरही मांडले. १९५६ मध्ये संसदेचे कामकाज छापण्यास वृत्तपत्रांना संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधींच्या अशाच खासगी विधेयकातून झाला होता. आणीबाणीत तो रद्द केला गेला, १९७७ मध्ये परत आला. स्वातंत्र्यानंतर अशी चौदा विधेयके कायद्यात उतरली, त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. तिवारींचे विधेयक कधी मतास आलेच, तर सदस्याला मोकळे करण्याच्या त्या विधेयकावर कसे मत द्यावे, याचाही पक्षादेश काढण्याची मुभा आजच्या कायद्यात आहे.